उलटा त्रिकोण, सरळ पताका

एका आईचा प्रश्न आलाय. लेक साडेचार वर्षांची. भिंतीवरच्या तक्त्यातले सगळे आकार धडाधड सांगते. परवा मात्र टोक खाली असलेला त्रिकोण दाखवला तर म्हणाली, "हा त्रिकोण नाहीये, हा पडलाय." त्यातच बालवाडीतल्या ताईंनी घोटीव कागदाचे आकार कापून वहीत चिकटवून आणायला सांगितलेत. आईचं विचारणं असं: या कागदकामाने आकार खरंच कळतात का, आणि घरी ते नेमकं कसं करून घ्यायचं?

मी अठ्ठावीस वर्षं बालवाडीत शिकवलं. आता अंगणवाडीच्या सेविकांची प्रशिक्षणं घेते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

लेकीचं काही चुकलेलं नाही. तक्त्यावरचा त्रिकोण कायम एकाच थाटात असतो: तिन्ही बाजू सारख्या, बूड जमिनीवर, टोक आभाळाकडे. तिने तेच चित्र ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यासारखं लक्षात ठेवलंय. नेदरलँड्समध्ये पीएर आणि दीना व्हान हीले या शिक्षक जोडप्याने १९५७ साली आपल्या प्रबंधांत हेच मांडलं. भूमितीची समज पायरीपायरीने वाढते. पहिल्या पायरीवर मूल आकार अख्खा पाहतं, त्याला बाजू आणि कोपरे सुटे दिसत नाहीत. पुढची पायरी नुसतं वय वाढल्याने येत नाही, ती हाताळण्यातून येते, हा त्यांचा मुद्दा मला वर्गात रोज पटत आलाय. पाचवीतली मुलंसुद्धा तिरका ठेवलेला चौरस पाहून "हा बर्फी आहे, चौरस नाही" म्हणतात. त्यांना चौरस शिकवला होता, फिरवून मात्र कधी दाखवला नव्हता.

तक्ता फिरवता येत नाही. कागद फिरवता येतो. कागदकामाचा पहिला फायदा इतका साधा आहे.

दुसरा फायदा थोडा खोल आहे आणि माझ्या मते तोच खरा. मुलं साधारण तीन वर्षांची झाली की बघून गोल काढायला लागतात, चारच्या आसपास चौकोन, आणि त्रिकोण पाचच्या आसपास. तिरकी रेघ हाताला अवघड जाते म्हणून. थोडंफार मागेपुढे होतं, पण क्रम बहुतेक हाच. म्हणजे साडेचार वर्षांच्या तुमच्या लेकीला पेन्सिलीने धड त्रिकोण काढता येईलच असं नाही. पण चौरस कागदाचं एक टोक समोरच्या टोकावर ठेवून घडी दाबली की तिच्या हातात पक्का, धारदार, तीन टोकांचा त्रिकोण येतो. जे काढता येत नाही ते तिला घडवता येतं. ती तिरकी रेघ तिने अंगठ्याने दाबून केलेली असते, म्हणून लक्षात राहते.

तयार कापलेले आकार चिकटवण्यात यातलं काही होत नाही. हे मी माझ्याच चुकीवरून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी रात्री जागून चाळीस मुलांसाठी विदूषकाचे तुकडे कापायची: गोल तोंड, त्रिकोणी टोपी, चौकोनी अंग. सकाळी मुलं ते चिकटवायची, भिंत सजायची, पालक खूश. आकारांचं काम केलं होतं मी. मुलांनी फेविकॉलचं केलं. एका मुलीला मी विचारलं, "टोपीला टोकं किती?" तर तिने टोपीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

त्याच काळातली दुसरी चूक रंगाची. माझ्याकडचे सगळे त्रिकोण हिरव्या घोटीव कागदाचे, चौकोन निळ्या, गोल लाल. एकत्र केलेला ढीग मुलं पटापट वेगळा करायची आणि मला वाटायचं, आकार आले. एकदा हिरवा कागद संपला म्हणून त्रिकोण निळ्याचे कापले. मुलांनी ते सगळे चौकोनांच्या टोपलीत टाकले. वर्षभर ती रंग निवडत होती. बाजारातल्या खेळण्यांच्या संचात आजही हे दिसतं. घरी कापाल तेव्हा एकाच कागदातून सगळे आकार काढा, नाहीतर प्रत्येक आकार तीन-चार रंगांत करा. मापंही निरनिराळी हवीत, आणि त्रिकोण तर मुद्दाम कुरूप: एक लांबुळका सुरीसारखा, एक बुटका, एक काटकोनाचा.

आता शब्दांचं. मराठीत आपल्याला एक आयतीच सोय आहे. त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन: नावातच टोकांची संख्या. (त्रिकोणाला बाणातला ण आणि चौकोनाला नळातला न, ही कटकट दुसरीपर्यंत थांबू शकते.) ही सोय आपण वापरत नाही. "हा कोणता आकार?" असं विचारतो आणि मूल पाठ केलेलं नाव सांगतं. त्याऐवजी "कशावरून?" विचारा. किंवा नाव विचारूच नका, टोकं मोजायला लावा. मोजताना मुलं हमखास गोल गोल फिरत राहतात, कारण सुरुवात कुठून केली ते विसरतं. त्रिकोणाला पाच टोकं, सात टोकं असं काहीही उत्तर येतं. त्यावर माझा उपाय म्हणजे टिकली. पहिल्या टोकाला टिकली लावायची, टिकलीपाशी परत आलं की थांबायचं. दहा रुपयांच्या पाकिटात वर्ष निघतं.

चौकोन, चौरस आणि आयत यांचा घोळ मोठ्यांच्याच बोलण्यात असतो. आपण चौरसाला सर्रास चौकोन म्हणतो. पाच वर्षांपर्यंत चार टोकांच्या सगळ्यांना चौकोन म्हणा, बिघडत नाही. फक्त "चौरस आयतापेक्षा वेगळा" असं ठासून सांगू नका. पुढे शाळेत चौरस हाही आयतच असतो हे शिकताना ते वाक्य आडवं येतं. चौरसाची परीक्षा घडीने घ्यायची: टोकाला टोक लावून तिरकी घडी घातली की कडा जुळल्या पाहिजेत. वहीच्या पानाची अशी घडी घालून बघा, "कान बाहेर राहिले" असं पोरंच म्हणतात. कान राहिले तर चौरस नाही. मोजपट्टी लागत नाही.

"गोल" या शब्दाचाही घोळ आहे. पोळी गोल आणि लाडूही गोल. मुलाने दोन्हींना गोल म्हटलं तर त्याला चूक ठरवू नका, भाषेनेच ते शिकवलंय. पोळीला घडी पडते, लाडवाला पडत नाही, एवढा फरक सध्या पुरे.

सामानात फार खर्च करू नका. घोटीव कागद घडीला उत्तम, कारण एक बाजू रंगीत आणि दुसरी पांढरी असते. घडी घातल्यावर कुठली बाजू वर आली ते मुलाला दिसतं. पण रोजच्या सरावाला वर्तमानपत्र, जुन्या कॅलेंडरची पानं, एका बाजूने छापलेले कागद चालतात. लग्नपत्रिका घडीला जाड, आकार कापून हाताळायला छान. पतंगाचा कागद सुंदर दिसतो, लहान हातात फाटतो. चिकटवायला घरची खळ करा: चमचाभर मैदा कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. दोन-तीन दिवस टिकते. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. आणि बाटलीतून चिकट द्रव ओतू देऊ नका, झाकणात काढून एका बोटाने लावायला शिकवा.

कातरीबद्दल पालक घाबरतात किंवा घाई करतात. आधी फाडणं. दोन्ही हातांच्या चिमटीत कागद धरून सरळ पट्टी फाडता आली की बोटं तयार झाली. मग बोथट टोकाची कातर, आणि नुसती झालर: कागदाच्या कडेला एकेक टचका. मग सरळ रेघ, मग कोपऱ्यावर वळणं, सगळ्यात शेवटी गोल. बालवाडीत पहिल्याच दिवशी गोल कापायला देतात, ते उलटं आहे. गोल काढायला सोपा, पण कापायला अवघड, कारण कातर एका जागी ठेवून कागद फिरवावा लागतो. अंगठा वर, कोपर अंगाशी, हे दोन बघा. मूल डावखुरं असेल तर साधी कातर त्याच्या हातात पाती फाकवते, कागद मधे दुमडतो आणि रेघही पात्याआड जाते. त्याला धांदरट म्हणण्याआधी डाव्या हाताची कातर आणा.

आता तुमच्या उलट्या त्रिकोणावर येते. मी वर्गात यासाठी पताका करायची. जत्रेला, गणपतीत दोऱ्यावर लावतो त्या. पताकेचं टोक खालीच असतं आणि कुठलंही मूल तिला "पडलेली" म्हणत नाही.

एक ए-फोर कागद घ्या, २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ लांब. त्याच्या लांबीच्या बाजूने तीन पट्ट्या कापा, प्रत्येक ७ सेंटिमीटरची. पट्टीच्या एका टोकाचं बोटभर, १.७ सेंटिमीटर कापून टाका, म्हणजे लांबी २८ राहते. इतकं तुम्ही करा. पुढचं लेकीला. पट्टी आडवी ठेवायची. डाव्या हाताचा खालचा कोपरा उचलून वरच्या कडेवर आणायचा, तिरकी घडी दाबायची. झाला त्रिकोण. मग तोच त्रिकोण पुढे उलटवायचा, उभी घडी. परत तिरकी, परत उभी. पट्टी समोसा भरताना पीठ जसं गुंडाळतो, हुबेहूब तसं. पट्टी संपली की हातात एक जाडसर छोटा त्रिकोण राहतो. इथे थांबा. उघडू नका. "आत काय असेल?" विचारा आणि तिला बोलू द्या. बहुतेक मुलं "त्रिकोण" म्हणतात, काही "भरपूर त्रिकोण". एका मुलाने मला "भाजी" सांगितलं होतं.

उघडल्यावर चार तिरक्या आणि तीन उभ्या घड्या दिसतात. फक्त तिरक्या घड्यांवर कापायचं, उभ्या तशाच ठेवायच्या. तीन पूर्ण पताका निघतात आणि दोन टोकांना दोन अर्ध्या. आता गंमत बघा. पट्टीत असताना पहिली पताका टोक खाली, दुसरी टोक वर, तिसरी पुन्हा खाली, म्हणजे सरळ आणि उलटे त्रिकोण एकमेकांच्या कुशीत बसलेले. कापल्यावर मधली उचलून पहिलीवर ठेवा. अर्धं वर्तुळ फिरवली की ती तंतोतंत बसते. "पडलेला" त्रिकोण उठून दुसऱ्यावर जाऊन बसला. हे तुम्ही सांगायचं नाही, तिला ठेवू द्यायचं. माझ्या वर्गात एकीने त्या दोघी एकमेकींवर ठेवल्या, काढल्या, परत ठेवल्या, असं पाच-सहा वेळा केलं. मग म्हणाली, "ही तीच आहे." त्यानंतर तिने उलटा त्रिकोण कधी नाकारला नाही.

आणि त्या दोन अर्ध्या? फेकू नका. त्यांच्या आखूड कडा शेजारी लावून चिकटवा, चौथी पताका तयार. यात क्षेत्रफळाचं बीज आहे, पण ते आत्ता बोलायची गरज नाही. पहिल्यांदा तिच्या घड्या वेड्यावाकड्या येतील, पताका कमीजास्त होतील. येऊ देत. तुम्ही घडी नीट करून दिलीत की काम तुमचं झालं. फार तर घडीवर नखाने ओढायला शिकवा.

पुढच्या आठवड्यात चौरस. दुसऱ्या एका ए-फोरचा कोपरा तिरका दुमडून शेजारच्या कडेला लावा, बाहेर राहिलेला ८.७ सेंटिमीटरचा भाग घडीवर फाडून वेगळा करा. फाडलेली पट्टीही जपून ठेवा, तीही चौकोनच आहे आणि मुलं ते विसरतात. चौरसाची रुमालासारखी घडी घाला: एकदा घातली की आयत, दुसऱ्यांदा पुन्हा चौरस, आधीच्या चौथाईएवढा. उघडण्याआधी विचारायचं, आत चौकोन किती? पहिल्या दिवशी उत्तर बहुधा "दोन", कारण घड्या दोन घातल्या. चार निघाल्यावर मुलं उघडझाप करत बसतात. करू द्या, ते खेळत नाहीयेत, तपासतायत.

या चार पदरांच्या चौरसाचा जो कोपरा उघडत नाही, म्हणजे मूळ कागदाचा मध्य, तो एका तिरक्या कापाने उडवा. खाली त्रिकोण पडतो. पण उघडला तर बर्फी! आणि कागदाच्या मधोमध तसंच भोक. त्रिकोण कापला आणि चार टोकांचं निघालं कसं, हा प्रश्न सहा वर्षांची मुलं आठवडाभर चघळतात. साडेचारच्या मुलांना नुसती जादू वाटते, तेही चालेल.

गोलाला बांगडी घ्या, किंवा ताटली. भोवती पेन्सिल फिरवायची, कापायचा आणि मधोमध दुमडायचा. कुठूनही दुमडला तरी अर्धे भाग जुळतात. चौरस चारच रीतींनी जुळतो, वहीचं पान दोनच. हे तिन्ही कागद शेजारी ठेवून दुमडायला दिले तर गोलाचा वेगळेपणा "त्याला टोकं नाहीत" यापेक्षा जास्त कळतो.

सहा वर्षांपुढच्या भावंडांसाठी दोनच गोष्टी सांगते. एक, कागदाची चटई: चौरसाला समांतर चिरा देऊन त्यातून रंगीत पट्ट्या एक वर एक खाली विणायच्या. कोणी न कापलेले चौकोन आपोआप उमटतात. दुसरी, टूथपेस्टचा खोका जोडांवर उकलून सपाट करणं. आणि दिवाळीत पारंपरिक आकाशकंदील घरी करत असाल तर कागद चिकटवण्याआधी मुलांना कामट्यांचा सांगाडा मोजू द्या: मधे आठ चौकोनांचा पट्टा, वर-खाली तिरके चौकोन, आणि त्यांच्या मधल्या खाचांत त्रिकोण.

हे सगळं नवीन नाही. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली, तिलाच पुढे किंडरगार्टन नाव पडलं. कागदाच्या घड्या आणि चटया विणणं त्याच्या पद्धतीत होतंच. तो धागा मद्रासला पोचला आणि तिथल्या सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारं अख्खं इंग्रजी पुस्तक काढलं, बालवाडीतल्या घडीकामावरून सुचलेलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून डहाणू भागातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात विकतच्या साहित्यापेक्षा आसपासच्या पानं, बिया, शंखशिंपल्यांवर भर होता. प्रशिक्षणात सेविका म्हणतात, "बाई, रंगीत कागद येतच नाही." तेव्हा मी पळसाचं पान देते. पानाची घडी घातली की दोन अर्धे जुळतात, आणि टाचणीसारख्या चोया लावून त्रिकोणी द्रोण करायला गावातल्या आज्या माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात.

ताईंच्या गृहपाठाचं काय, हे राहिलंच. वहीत आकार चिकटवून हवे असतील तर लेकीनेच कापलेले, वाकडे असले तरी, चिकटवून द्या. त्रिकोण प्रत्येक पानावर वेगळ्या दिशेने लावायला सांगा, एखादा टोक खाली. खाली नाव तुम्ही लिहू नका, तिने टोकं मोजून तितक्या टिकल्या लावाव्यात. ताई समजूतदार असतील तर विचारतील, नसतील तर लाल शाईने "नीट कापा" असा शेरा येईल, तो मनावर घेऊ नका. पताका मात्र वहीत बसणार नाहीत. दोऱ्याला लावून तशाच पिशवीत घालून द्या, आणि दोरा मधे गुंतू नये म्हणून लग्नपत्रिकेच्या तुकड्याला गुंडाळा.